रिपोर्टमधला ‘एमपीव्ही’ आणि हृदयाची गोळी

वाचकहो, मानोरा तालुक्यातील एका भगिनीचे पत्र मोबाईलवर आमच्याकडे आले. वडील एकसष्ट वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, नागपूरला अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. तेव्हापासून जेवणानंतर दोन गोळ्या सुरू होत्या, एक ॲस्पिरिनची आणि दुसरी क्लोपिडोग्रेलची. मध्यंतरी दोन दिवस ताप आला म्हणून गावातच रक्त काढून तपासायला दिले. संध्याकाळी रिपोर्ट आला. प्लेटलेट १ लाख १२ हजार, त्यापुढे ‘कमी’ अशी खूण. त्याच्याच खाली ‘एमपीव्ही १३.४’, त्यापुढे ‘जास्त’ अशी खूण.

घरात दोन सल्ले आले. चुलतभाऊ म्हणाले, पेशी मोठ्या झाल्या म्हणजे रक्त घट्ट झाले, गोळी डबल करा. औषधाच्या दुकानातील मुलगा म्हणाला, प्लेटलेट कमी आहेत आणि तुम्ही रक्त पातळ करायची गोळी खाता, आधी ती बंद करा. बाबांनी दुसऱ्याचे ऐकले. दोन्ही गोळ्या बंद करून चार दिवस झाले होते. ‘कोणाचे खरे मानावे?’ असे ताईंनी विचारले होते.

पत्रात फोन नंबर होता ते बरे झाले. अंकाची वाट न पाहता आम्ही त्याच संध्याकाळी फोन केला आणि सांगितले की दोघांचेही मानू नका, उद्या पहिल्या गाडीने बाबांना डॉक्टरांकडे न्या, जुनी फाईल आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या, छातीत दुखले तर उद्याचीही वाट पाहू नका. पुढे काय झाले ते ओघाने येईल. पण हा प्रश्न एका घराचा नाही. आता तालुक्याच्या गावीही सीबीसी तपासणी होते, कागदावर वीस-बावीस आकडे छापून येतात आणि ज्या आकड्यापुढे खूण असेल तो आकडा माणसाची झोप उडवतो. म्हणून आजचे सदर या एमपीव्हीसाठी ठेवले आहे.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे डेंग्यूची साथ आली की जो तो म्हणतो, ‘पांढऱ्या पेशी कमी झाल्या.’ त्या पांढऱ्या पेशी नव्हेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. तापात ज्यांची मोजणी रोज होते त्या प्लेटलेट्स. मराठी पुस्तकांत त्यांना बिंबिका म्हणतात आणि शब्द छान आहे, तो आपण वापरू. बिंबिका म्हणजे पूर्ण पेशीसुद्धा नाही. हाडांच्या आतील मगजात काही प्रचंड पेशी असतात, त्यांचे तुकडे होऊन बिंबिका रक्तात येतात. अशा एका मोठ्या पेशीपासून हजाराच्या वर बिंबिका होतात. शरीर रोज सुमारे शंभर अब्ज बिंबिका तयार करते आणि प्रत्येकीचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे. रक्ताच्या एका सूक्ष्म थेंबात, म्हणजे एका मायक्रोलिटरमध्ये, त्या दीड लाखापासून साडेचार लाखापर्यंत असणे हे नेहमीचे प्रमाण.

त्यांचे काम इटलीचे डॉक्टर जुलिओ बिझोझेरो यांनी १८८२ साली स्पष्ट करून दाखवले. रक्तवाहिनीला जखम झाली की बिंबिका तिथे चिकटतात, फुगतात, आतला माल बाहेर टाकून आणखी बिंबिकांना बोलावतात आणि भोकाला बूच बसते. विळ्याने बोट कापले तर हेच बूच आपल्याला वाचवते. हृदयाच्या वाहिनीत चरबीचा थर साचलेला असतो. तो एखाद्या दिवशी फुटला तर बिंबिकांना तीही जखमच वाटते. त्या इमानदारीने तिथे बूच बसवतात आणि वाहिनी बंद होते. झटका आला असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हेच घडलेले असते. बिचाऱ्या बिंबिकांचा त्यात दोष नाही, पण जीव माणसाचा जातो.

आता एमपीव्ही. बिंबिकेचे सरासरी आकारमान, एवढाच त्याचा अर्थ. ते फेम्टोलिटरमध्ये मोजतात. एका लिटरचे एक कोटी भाग करा, त्यातील एका भागाचे पुन्हा दहा कोटी भाग करा, त्यातला एक म्हणजे फेम्टोलिटर. तांबडी पेशी ८० ते १०० फेम्टोलिटरची असते, बिंबिका साधारण साडेसात ते बाराच्या दरम्यान. तांबड्या पेशीच्या दहाव्या हिश्शाएवढी. मशीनप्रमाणे ही मर्यादा थोडी मागेपुढे होते, म्हणून एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी लावून पाहू नये.

माणसात मूल लहान आणि मोठा माणूस मोठा. बिंबिकांमध्ये साधारणपणे उलटे दिसते. मगजातून नुकत्याच बाहेर आलेल्या ताज्या बिंबिका मोठ्या असतात. म्हणून कुठल्याही कारणाने बिंबिका भराभर खर्च होऊ लागल्या आणि मगज भराभर नव्या पाठवू लागला की सरासरी आकार वाढतो. डेंग्यूसारख्या तापात संख्या कमी पण आकार मोठा असे दिसले तर डॉक्टर मनात म्हणतात, कारखाना चालू आहे, भरपाई होईल. संख्याही कमी आणि आकारही लहान असेल तर कारखान्यातच काही बिघाड आहे का ते पाहावे लागते. या आकड्याचा खरा उपयोग इथे आहे आणि तो करणाऱ्याने रोग्याला तपासलेले असावे लागते.

मोठी बिंबिका जास्त कामसू असते हेही खरे. तिच्या पोटात माल जास्त, इतर बिंबिकांना हाक मारणारे थ्रोम्बॉक्झेन नावाचे रसायन ती जास्त बनवते आणि चटकन चिकटते. चुलतभाऊंचे म्हणणे अगदीच हवेत नव्हते, हे त्यांच्या वतीने सांगायला हवे. १९९१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात मार्टिन, बाथ आणि बर या तिघांनी १,७१६ पुरुषांची पाहणी छापली. या सर्वांना आधी झटका येऊन गेला होता आणि सहा महिन्यांनी त्यांच्या बिंबिकांचे आकारमान मोजले होते. पुढील दोन वर्षांत ज्यांना पुन्हा झटका आला किंवा ज्यांचा मृत्यू झाला, त्यांच्या बिंबिका आधीपासूनच सरासरीने मोठ्या होत्या. नंतर अनेक ठिकाणी तसेच दिसले. मधुमेही रोग्यांतही आकार थोडा मोठा आढळतो.

पण ‘सरासरीने’ हा शब्द सोडू नका. हजार-दीड हजार माणसे एका बाजूला आणि तितकीच दुसऱ्या बाजूला उभी केली तर फरक दिसतो. एकट्या बाबांच्या कागदावरून त्यांचे पुढे काय होईल ते त्यावरून सांगता येत नाही. शाळेतील उंच मुलांची दौड सरासरीने चांगली असेल, म्हणून एखादा उंच मुलगा जिंकणारच असे कोणी लिहून देत नाही.

आणि मोठी म्हणजे जोरदार, हाही नियम नाही. १९४८ साली बर्नार्ड आणि सूलिए या दोन फ्रेंच डॉक्टरांनी एक आनुवंशिक आजार सांगितला. त्यात बिंबिका राक्षसासारख्या मोठ्या असतात आणि तरीही रोग्याचे रक्त थांबत नाही, कारण जखमेला धरून राहण्याचा जो आकडा बिंबिकेच्या अंगावर असतो तोच त्यांना नसतो. दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील डॉक्टरांनी २००२ साली पश्चिम बंगालमधील रक्तदात्यांविषयी लिहिले. त्यांतील अनेकांच्या बिंबिका संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होत्या, पण माणसे ठणठणीत, कुठे रक्तस्राव नाही, काही तक्रार नाही. ती त्यांच्या शरीराची जन्मजात ठेवण आहे. आज तिला हॅरिस सिंड्रोम म्हणतात. अशा निरोगी माणसाला केवळ कागद पाहून आजारी ठरवले तर नको ती औषधे त्याच्या पोटात जाण्याची भीती असते. बाबांच्या रिपोर्टमध्येही हीच जोडी होती, संख्या कमी आणि आकार मोठा. म्हणजे त्यांनाही तेच होते का? नाही. तिथे भानगड वेगळी होती.

ती समजण्यासाठी रक्ताच्या बाटलीबरोबर प्रवास करावा लागेल. सीबीसीसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. ते गोठू नये म्हणून नळीत ईडीटीए नावाचे रसायन असते. या रसायनात बिंबिका हळूहळू फुगू लागतात. रक्त काढल्यावर लगेच मोजले तर एक आकडा आणि चार तासांनी मोजले तर दुसरा, तोही बहुधा मोठा. आता आपल्या वाशिम जिल्ह्यातील गावांचा विचार करा. सकाळी आठला गावात रक्त काढले, मुलाने आणखी दोन-तीन गावांतील नळ्या गोळा केल्या, मोटारसायकलच्या डिकीत ठेवल्या, दुपारी तालुक्याला पोचल्या, मशीन लागायला तीन वाजले. उन्हाळ्याचे दिवस असतील तर डिकीची भट्टी झालेली. मोठ्या शहरातील दवाखान्यात रक्त काढण्याची जागा आणि मशीन यांच्यात एक जिना असतो. मानोरा-रिसोडच्या वाड्यावस्त्यांवर वीस-पंचवीस किलोमीटर रस्ता असतो. कागदावर दोघांचे आकडे सारख्याच अक्षरात छापून येतात. अमुक वाजता रक्त काढले आणि तमुक वाजता मोजले, हे मात्र कोणी पाहत नाही. हा आकडा पाहण्याआधी त्या दोन वेळा पाहाव्यात, असे आमचे मत आहे.

दुसरी गोष्ट मशीनची. वॉलेस कुल्टर या अमेरिकन संशोधकाने १९५३ साली ज्या युक्तीचे पेटंट घेतले, तीच बहुतेक मशीनमध्ये आजही आहे. बारीक छिद्रातून एक एक पेशी जाते, विजेच्या प्रवाहात धक्का बसतो, धक्का लहान तर पेशी लहान, मोठा तर पेशी मोठी. मशीनला डोळे नाहीत. एखादी बिंबिका फारच मोठी असली तर मशीन तिला तांबड्या पेशींच्या रांगेत टाकते आणि बिंबिकांची संख्या खोटीच कमी दिसते. तिसरी गोष्ट, काही लोकांच्या रक्तात ईडीटीए मिसळताच बिंबिकांचे नळीतच गुच्छ होतात. शरीरात त्या सुट्या आणि पुरेशा असतात, फक्त नळीत घोळके करतात. मशीन घोळक्याला एक मोजते किंवा मोजतच नाही. माणसाला काहीही झालेले नसते आणि कागद मात्र सांगतो की बिंबिका घटल्या. उपाय स्वस्त आणि जुना आहे. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे. गरज वाटली तर फिकट निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजणे.

बाबांच्या बाबतीत वाशिमला हेच झाले. डॉक्टरांनी ताजे रक्त घेतले, पट्टी पाहायला सांगितली. पट्टीवर गुच्छ दिसले. दुसऱ्या नळीतील मोजणी दीड लाखाच्या वर निघाली. ताप साधा होता, तो तोपर्यंत उतरलाही होता. नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून दोन्ही गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या.

ताईंनी नंतर विचारले, ‘चार दिवसांनी असा काय फरक पडतो?’ याचे उत्तर गोळी काम कसे करते त्यात आहे.

ही गोळी रक्त ‘पातळ’ करते असे आपण म्हणतो, पण रक्ताचा पातळपणा तिने मुळीच बदलत नाही. दुधात पाणी घातल्यासारखे काही होत नाही. तिने बिंबिकांचा आकारही घटत नाही की संख्याही घटत नाही. म्हणून ‘गोळी खातो तरी एमपीव्ही उतरत नाही’ ही तक्रार अस्थानी आहे. मग गोळी करते काय? बिंबिकेत थ्रोम्बॉक्झेन बनवणारे एक यंत्र असते, ॲस्पिरिन त्या यंत्राला कायमचे कुलूप लावते. इंग्लंडचे जॉन व्हेन यांनी १९७१ साली ॲस्पिरिनच्या कामाचे हे मर्म दाखवले आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. इतर पेशी कुलूप लागलेले यंत्र टाकून नवे बनवतात. बिंबिकेला केंद्रक नाही, तिच्याजवळ नवे यंत्र बनवण्याचा नकाशाच नाही. ती मरेपर्यंत कुलूपबंद राहते. ॲस्पिरिन स्वतः रक्तात वीस-पंचवीस मिनिटेच टिकते, पण तेवढ्यात समोर असलेल्या सगळ्या बिंबिकांचा बंदोबस्त करून जाते. म्हणूनच ७५ मिलिग्रॅमची एवढीशी गोळी चोवीस तास पुरते.

पण मगज रोज दहा-बारा टक्के नव्या बिंबिका पाठवतो आणि त्यांना कुलूप लागलेले नसते. एक दिवस गोळी राहिली तर दहातील नऊ बिंबिका अजून बंद आहेत. चार दिवस राहिली तर चाळीस टक्क्यांच्या आसपास मोकळ्या झाल्या. आठ-दहा दिवसांत सगळा गाव नवा. आणि स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढायला महिने लागतात. तोपर्यंत बिंबिकांना ती परकी वस्तू दिसते आणि त्या तिच्यावर बूच बसवायला टपलेल्या असतात. झटक्यानंतर दोन्ही गोळ्या बहुधा वर्षभर आणि पुढे त्यांपैकी एक कायम, असे सांगतात ते यासाठीच. क्लोपिडोग्रेलचे कुलूपही कायमचेच, फक्त दार वेगळे. टिकाग्रेलोर नावाची गोळी ज्यांना दिली आहे त्यांनी आणखी जपावे. तिचे कुलूप आपोआप उघडते, म्हणून ती दिवसातून दोनदा असते आणि तिची एक वेळ चुकली तरी परिणाम लवकर उतरतो.

आता आकार आणि गोळी यांचा खरा संबंध लक्षात येईल. ज्याच्या शरीरात बिंबिका भराभर बदलतात, त्याच्या रक्तात ताज्या, मोठ्या, कुलूप न लागलेल्या बिंबिका जास्त. सकाळी घेतलेल्या गोळीचा जोर रात्रीपर्यंत थोडा उतरतो. मधुमेहात असे अधिक घडते. काही रोग्यांत ॲस्पिरिनचा परिणाम अपुरा दिसतो, त्याचे हे एक कारण. क्लोपिडोग्रेलची अडचण निराळी. ती गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातील एक विकर तिला जागे करते. ते विकर काही लोकांत जन्मतःच मंद असते आणि आपल्या देशात असे लोक कमी नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० साली याविषयी गोळीच्या माहितीपत्रकात ठळक इशारा घालायला लावला.

मग प्रत्येकाच्या बिंबिका तपासून गोळी कमीजास्त करावी, हे ओघाने आलेच. शास्त्रज्ञांनाही तसेच वाटले होते आणि त्यांनी ते करून पाहिले. २०११ साली जाहीर झालेल्या ग्रॅव्हिटास नावाच्या चाचणीत, ज्यांच्यावर क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी दिसला अशा २,२१४ जणांपैकी निम्म्यांना मोठा डोस दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत फरक नाही. २०१२ साली फ्रान्समध्ये आर्क्टिक नावाच्या चाचणीत २,४४० जणांपैकी निम्म्यांचे उपचार बिंबिका तपासून बदलले, निम्म्यांचे नेहमीप्रमाणे ठेवले. तिथेही फायदा दिसला नाही. बिंबिकांचे काम प्रत्यक्ष मोजणाऱ्या महागड्या तपासण्यांची ही गत, तर डिकीतून आलेल्या एमपीव्हीवर गोळी डबल करण्यात काय अर्थ? डबल गोळीने पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता मात्र नक्की वाढते.

आकड्यांच्या मागे किती धावावे याचा एक मासला आम्हाला फार आवडतो. १९८८ साली झटक्यावरील ॲस्पिरिनची आयसिस-२ ही प्रचंड चाचणी जाहीर झाली. १७,१८७ रोगी. महिनाभर रोज १६२.५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्याने पाच आठवड्यांतील हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचे मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटले. संपादक मंडळी म्हणाली, कोणत्या कोणत्या गटाला किती फायदा झाला ते फोडून दाखवा. संशोधकांनी दाखवले, पण त्यात एक गंमत घातली. रोग्यांची जन्मराशीनुसार विभागणी केली. निष्कर्ष निघाला की मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने फायदा नाही, उलट थोडे नुकसानच! अर्थात तो निव्वळ योगायोग होता आणि तेच त्यांना दाखवायचे होते. मोठ्या आकड्याचे बारीक बारीक तुकडे करत गेलात तर कुठे ना कुठे भूत दिसणारच. आपल्या वाचकांना राशिभविष्याचे काय करायचे ते सांगण्याची गरज नाही, पण लॅबच्या कागदाचेही राशिभविष्य होऊ शकते हे ध्यानात असावे.

विदर्भातील आपल्या समाजाला रक्ताचा आणखी एक आजार चांगला परिचित आहे. मध्य भारतातील सिकलसेलविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हापासून या भागात तो शोधला जात आहे. सिकलसेलच्या रोग्यांत प्लीहा पुष्कळदा निकामी होते. एरवी शरीरातील सुमारे एक-तृतीयांश बिंबिका प्लीहेत मुक्कामाला असतात. तो मुक्काम गेला की त्या रक्तातच राहतात, म्हणून या रोग्यांत त्यांची संख्या पुष्कळदा जास्त दिसते. ‘प्लेटलेट पाच लाख झाल्या, ॲस्पिरिन द्यायची का?’ असे दोन आईवडिलांनी मागे आम्हाला विचारले होते. ही कल्पनाही तपासून झाली आहे. सिकलसेल असलेल्या ३४१ मुलांना प्रासुग्रेल ही बिंबिकांवरील गोळी किंवा खोटी गोळी देऊन केलेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१६ साली आला. वेदनांचे झटके म्हणावे तसे कमी झाले नाहीत. तेव्हा सिकलसेलच्या मुलाला रिपोर्ट पाहून घरची ॲस्पिरिन देऊ नका. त्याचे औषध हायड्रॉक्सियुरिया, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमाने घ्यावे, पाणी भरपूर प्यावे, लसी चुकवू नयेत.

ज्यांना कधी झटका आलेला नाही, अर्धांगवायू झालेला नाही, अशा धडधाकट वडीलधाऱ्यांनी ‘हृदयासाठी चांगली असते’ म्हणून गोळी सुरू करू नये. ॲस्प्री नावाच्या चाचणीत १९,११४ वृद्धांवर हे पाहिले गेले. २०१८ साली निकाल लागला की फायदा नाही आणि रक्तस्राव जास्त. त्यापेक्षा बीपी मोजा, साखर मोजा, आणि खर्रा सोडा. खर्रा सोडायला कोणताही रिपोर्ट लागत नाही.

छातीत दाबल्यासारखे दुखते आहे, घाम सुटला आहे, कळ हातात किंवा जबड्यात जाते आहे, अशा वेळी मात्र १०८ ला फोन लावून डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे ॲस्पिरिन चावून खातात, साधारण ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या. गिळायची नाही, चावायची. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्राव झालेला असेल तर आधी तसे सांगा. तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले तर घरी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव आहे ते सीटी स्कॅनशिवाय कोणालाच कळत नाही.

पावसाळ्यानंतर डेंग्यू येतो तेव्हा ज्यांची ही गोळी चालू नाही त्यांनी अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, ताप उतरवायला पॅरासिटामॉल. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी तापाच्या पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे की मला स्टेंट आहे. गोळी काही दिवस थांबवावी की चालू ठेवावी हे संख्या, रक्तस्रावाची लक्षणे आणि स्टेंट किती जुना आहे ते पाहून तेच ठरवतील. काळी डांबरासारखी शौचास झाली, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊन थांबत नाही, तर दवाखाना गाठायचा. पाळीत अंगावरून फार जाऊ लागले तर भगिनींनी संकोच न करता सांगावे, गोळी गुपचूप टाळू नये.

गुडघेदुखीच्या पुड्यांविषयीही लिहायला हवे, कारण बाजाराच्या दिवशी त्या सर्रास विकत मिळतात. त्यांत काय असते ते देणाराही सांगत नाही, पुष्कळदा वेदनाशामक असते. आयबुप्रोफेन आधी पोटात गेले तर ते बिंबिकेच्या यंत्राच्या दारातच उभे राहते आणि ॲस्पिरिनला आत शिरून कुलूप लावता येत नाही. सोयाबीन सोंगून कंबर धरली म्हणून रोज सकाळी पुडी आणि वर हृदयाची गोळी, असे करणाऱ्याची हृदयाची गोळी वाया जाते. त्यातून दोन्ही मिळून पोटाला भोक पाडण्याची शक्यता. दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे.

दात काढायचा असल्यास दंतवैद्याला गोळीची पट्टी दाखवा. साधा दात काढण्यासाठी ॲस्पिरिन बहुधा थांबवावी लागत नाही. खड्ड्यात कापूस दाबून धरला की रक्त थांबते, फक्त नेहमीपेक्षा थोडा वेळ जास्त लागतो. मोठे ऑपरेशन असेल तर किती दिवस आधी कोणती गोळी बंद करायची ते ज्याने स्टेंट टाकला त्या डॉक्टरांना फोन करून विचारा आणि ऑपरेशननंतर पुन्हा कधी सुरू करायची तेही त्याच फोनवर विचारून कागदावर लिहून घ्या. बंद करण्याची तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते, सुरू करण्याची राहत नाही. गोळ्या संपत आल्या आणि हातात पैसे नसले तर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही जनऔषधी दुकानात कमी किमतीत मिळतात, सरकारी दवाखान्यातही विचारावे. पट्टीत सात गोळ्या उरल्या की पुढच्या पट्टीची सोय करायची, असा नियम घरातील एकाने आपल्याकडे घ्यावा.